रास्पबेरी म्हणून तुती विकली: माझे ४२,००० रुपये कसे गेले

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमचं छोटं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग आहे. पोफळींच्या कडेला दहा गुंठे जागा पडून होती. गेल्या वर्षी जूनमध्ये तिथं मी रास्पबेरीची म्हणून १२० रोपं लावली, एक रोप ३५० रुपयांना. ती सगळी तुती निघाली. ती विकणारा माणूस उद्या तुमच्या अंगणात येऊ शकतो, म्हणून झालं ते सगळं लिहितो आहे.

तो स्वतःहून घरी आला. बर्फाच्या डब्यातून लाल फळं काढून त्यानं आईच्या हातावर ठेवली. फळ आतून पोकळ, अंगुस्तानासारखं बोटाच्या टोकावर बसणारं. ती खरी रास्पबेरीच होती, चव अजून आठवते. "आई, महाबळेश्वरला होते मग गोव्यात का नाही? पाऊस तिथंही, इथंही," म्हणाला. वर किलोला ६०० रुपये भावानं माल परत घेण्याची हमी. माझी आई सहसा कुणावर विश्वास ठेवत नाही, तिलाही पटलं.

रोपं उतरवताना मी विचारलं, काटे कुठे आहेत? "दादा, ही बिनकाट्याची जात." अशा जाती खरंच असतात, त्यामुळे मी गप्प बसलो. पानांना खोल कातरे होते, ते त्यानं रास्पबेरीची खूण म्हणून दाखवले. कोवळ्या तुतीची पानंही तशीच कातरलेली असतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पावसात त्या जागेत दोन-दोन दिवस पाणी तुंबलं, तरी एकही रोप मेलं नाही. मी खूश होतो. खरं तर तिथंच मला संशय यायला हवा होता, कारण रास्पबेरीची मुळं तुंबलेल्या पाण्यात कुजतात.

फेब्रुवारीत पहिली फळं धरली. बायकोनं एक खुडलं आणि माझ्यासमोर धरलं. हिरवा देठ फळाबरोबरच आला होता, आरपार आत गेलेला. पोकळी नाही. त्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नाही.

फांदी घेऊन मी जुने गोवे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या ताईंनी पान तोडलं, पांढरा चीक आला. "ही तुती. रास्पबेरीच्या पानाला चीक नसतो, आणि एका देठावर तीन किंवा पाच वेगळी पानं असतात, खालून पांढरट." तुतीची फांदी जमिनीत खोचली तरी जगते, म्हणजे त्याला रोपं जवळपास फुकटच पडली असणार.

थंडीचंही त्यांनीच समजावलं. बाजारातल्या लाल रास्पबेरीच्या बहुतेक जातींना हिवाळ्यात शेकडो तास, कित्येकींना आठशेहून जास्त, ७ अंशांच्या खालची थंडी लागते. ती मिळाली नाही तर फुटवे आणि फुलं नीट येत नाहीत. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेही पारा तिथवर उतरत नाही. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, तिथल्या थंडीची आपल्या सखल कुळागराशी तुलनाच होत नाही. उष्ण हवेत त्यातल्या त्यात टिकते ती म्हैसूर रास्पबेरी. मूळची आपल्याच देशातली, पिकल्यावर काळी होणारी, काट्यांची. दक्षिण फ्लोरिडात हीच लावतात. तो विकत होता ती लाल.

घरी येऊन बिल काढलं. त्यावर "मिश्र फळरोपे" एवढंच लिहिलं होतं. हमीच्या कागदावर "दर्जा मान्य झाल्यास" अशी ओळ होती, ती मी सही करताना वाचलीच नव्हती. फोन तेव्हापासून बंद.

पैसे यूपीआयनं दिले होते, म्हणून निदान व्यवहाराचा पुरावा राहिला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. यूपीआयनं पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, मी तो वेळेत केला नाही. रोपं उपटू नका. पान, फळ, देठ यांचे तारखेसह फोटो काढा, तज्ज्ञाकडून लेखी घ्या. माझ्या १२० पैकी दहा झाडं मी तशीच ठेवली आहेत, आयोगानं पाहणी करायची म्हटलं तर दाखवायला.