घारापुरीची बोट आणि वरच्या मजल्याचे दहा रुपये

गेल्या रविवारी घारापुरीहून, म्हणजे एलिफंटाच्या लेण्यांच्या बेटावरून, परतीच्या बोटीत खाली जागा नाही म्हणून आम्हाला वर पाठवलं आणि वर बसलो म्हणून माणशी दहा रुपये मागितले. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. गेटवेहून तासाभराची बोट, जेट्टीवरची छोटी गाडी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार. ते परत सांगत नाही.

आम्ही गिरगावात राहतो आणि सासर गुहागरकडचं. दिवाळीपासून मेपर्यंत घरात कोणी ना कोणी उतरलेलं असतं. "मुंबई दाखव" म्हटलं की मी घारापुरीच दाखवते. मॉलमध्ये नेलं तर पाकीट रिकामं होतं, आणि चौपाटीवर नेलं तर गुहागरची माणसं समुद्राकडे बघून नुसतं "हां" म्हणतात आणि भेळेकडे वळतात. घारापुरीत मात्र अख्खा दिवस जातो, तोही माणशी तीनशे-साडेतीनशेत. बोटीचं परतीसकट तिकीट, लेण्यांचे चाळीस, ग्रामपंचायतीचे दहा. पंधरा वर्षांखालच्या पोरांना लेण्यांत तिकीट नाही, हेही लक्षात ठेवा.

ग्रामपंचायतीच्या दहाबद्दल माझी काही तक्रार नाही. खिडकी आहे, पावती मिळते, आणि रोज इतकी माणसं येऊन कचरा करून जातात तर गावाने पैसे घ्यावेतच. दुखणं आहे ते बोटीतल्या दहाचं. तिकीट काढताना वरचा मजला वेगळा असं कोणी सांगत नाही. बोट सुटते, ताजचा घुमट मागे पडतो, माणसं जिना चढून हवेशीर बाकांवर ऐसपैस बसतात. मग बोटांत नोटा खोवलेला पोरगा येतो आणि म्हणतो, "वरचे दहा." पावती मागितली की हसतो. दहा रुपयांत हल्ली धड चहा मिळत नाही हे मलाही कळतं. पण सहा माणसं, जाता-येता, म्हणजे एकशेवीस. तेवढ्यात अख्ख्या कुटुंबाची काकडी-कैरी होते.

म्हणून सुरुवातीला मी सगळ्यांना खालीच बसवायचे. मग डिसेंबरात भाचा हट्टाला पेटला म्हणून वर गेलो, आणि खरं सांगायचं तर दहा रुपये वसूल झाले. थंडीत कुरव पक्षी बोटीच्या मागे लागतात. कठड्यापासून हातभर अंतरावर तरंगत येतात, डोळ्यांत डोळे घालून बघतात. पोरं त्यांना गाठ्या-वेफर्स फेकतात, ते करू देऊ नका. न फेकताही पक्षी बराच वेळ सोबत असतात. शिवाय वरून बंदर कळतं. गोदीतल्या नौदलाच्या करड्या बोटी, जवाहर द्वीपाला लागलेले तेलाचे टँकर, पलीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन, आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला अटल सेतूची लांबच लांब रेघ. आमचे भाऊजी आयुष्यभर बोटींत वावरलेले, तेही तोंड उघडं टाकून बघत राहिले. तेव्हा मी ठरवलं की दहा द्यायचे आणि कुरकुरायचं नाही.

मार्च उलटला आणि हे परत बदललं. पक्षी गेलेले असतात. दुपारी परतताना वरचं छप्पर तापतं, बाक चटके देतात, आणि खाली डिझेलचा वास असला तरी सावली असते. सध्याचा माझा नियम असा: थंडीत सकाळी वर, उन्हाळ्यात खाली, आणि परतताना बारमाही खाली. रविवारी तो नियम पाळायलाच जागा नव्हती. मी म्हटलं, "खाली जागा करून द्या, आत्ता उतरते." पोरगा म्हणाला, "मावशी, दहाच तर मागतोय." मला त्या "दहाच"चा राग आला. बरीच बोलाचाली झाली. अर्धी बोट माझ्या बाजूने होती, म्हणजे निदान मान तरी डोलवत होती. नणंदेने माझ्या पाठीमागे सगळ्यांचे पैसे देऊन टाकले, हे मला गेटवेला उतरल्यावर कळलं. आम्ही अजून त्यावर बोललेलो नाही.

लाइफ जॅकेटबद्दल मात्र मी बोटवाल्यांच्या बाजूने आहे. 18 डिसेंबर 2024 ला नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली, माणसं गेली, आणि त्यानंतर ही जॅकेटं सक्तीची झाली. ओलसर वास येतो, गळ्याशी टोचतात, फोटोत सगळे नारिंगी दिसतात. तरी काढू नका. फोटोसाठी जॅकेट काढणाऱ्यांना मी आता अनोळखी असले तरी टोकते.

बेटावर पोचल्यावर दिवस निवांत जाणार की धकाधकीचा, हे तुम्ही कोणत्या बोटीने आलात त्यावर ठरतं. सकाळी नऊच्या सुमाराची पहिली बोट आणि मधला वार, एवढं साधलं की मुख्य लेणं जवळजवळ तुमचंच. अकरानंतर शाळांच्या सहली येतात आणि आत नुसता घुमारा उठतो. लवकर गेलात तर महेशमूर्तीसमोर, म्हणजे शंकराच्या तीन चेहऱ्यांच्या मूर्तीसमोर, खाली फरशीवर बसा. अठरा फुटांच्या आसपास उंची आहे, उभ्याने बघून मान दुखते. मधला चेहरा शांत, तुमच्या डाव्या हाताचा मिशीवाला आणि उग्र, उजव्या हाताचा बाईचा, हातात कमळ. डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. आमच्या नणंदेच्या सासूबाई शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापुढे एवढा वेळ बसल्या की मला त्यांना शोधायला परत यावं लागलं. "नवरी लाजलीय बघ," म्हणाल्या. सहाव्या शतकातली नवरी. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून डोली केली होती. डोलीचा भाव खाली, बसायच्या आधी ठरवा, आणि जाऊन-येऊनचा ठरवा.

बाकीची लेणी अर्धवट आहेत, चालता चालता होतात. तोफांच्या टेकडीवर तरुणांना पाठवा, आपण सावलीत बसा. डबा घरून न्या, पण पायऱ्यांवर उघडू नका. माकडं सराईत आहेत, हातातल्या बाटलीचं टोपण उघडून पितात. 2018 मध्ये समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली, त्यामुळे थंड पाणी आता सगळीकडे मिळतं. मात्र एका टपरीवर छापील किमतीवर पाच रुपये जास्त मागितले, कारण काय तर फ्रीजचं बिल. ताक मात्र झकास होतं.

मुक्काम करता येत नाही. साडेपाचच्या सुमाराला शेवटच्या बोटी सुटतात, पण रविवारी त्यांच्या भरवशावर राहू नका. चारलाच जेट्टीवर या, म्हणजे आमच्यासारखं वर ढकललं जाणार नाही. पावसाळ्यात हवा बघून बोटी सोडतात, तेव्हा पाहुण्यांना शब्द देऊ नका.

आणि प्रत्येक पाहुणा एक प्रश्न विचारतोच: हत्ती कुठाय? ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाचं एलिफंटा हे नाव पाडलं, तो आता बेटावर नाही. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, आणि तुकडे मुंबईतच राहिले. पुढे ते जोडून उभे केले. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे, आणि त्याला बघायला बोट लागत नाही. फक्त लेणी सोमवारी बंद आणि राणीची बाग बुधवारी, तेव्हा गावाहून येणाऱ्यांचं गाडीचं तिकीट काढतानाच वार बघून घ्या.