यूयूआयडी की बाय-आयडी?

महापेच्या एका ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राने विचारलं: लिनक्समध्ये रीबूटनंतर डिस्कचं नाव एसडीएचं एसडीबी होतं, मग एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, डिस्कची ओळख म्हणून लिहू काय?

खर्च दोन्हीला शून्य. खरा फरक टिकण्यात. यूयूआयडी म्हणजे फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख क्रमांक, तिच्यातच लिहिलेला असतो. केबल, पोर्ट, अगदी मशीन बदललं तरी तोच. फॉरमॅट केलं की मात्र नवा. डीडी कमांडने डिस्कची हुबेहूब नक्कल केली तर दोन्हींचा एकच होतो, हे विसरू नकोस.

बाय-आयडी हे हार्डवेअरवरून पडलेलं डिस्कचं नाव. त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर, तोच डिस्कच्या लेबलवर छापलेला. मध्यरात्री रॅकमधून बिघडलेली डिस्क ओढताना याच्याइतका भरवसा कशाचाच नाही. रेड-५ मध्ये, म्हणजे एकच डिस्क गेलेली सोसणाऱ्या डिस्कच्या गटात (ॲरेत), चुकून चांगली ओढलीस तर अख्खा ॲरे बंद पडतो.

साध्या माउंटला, म्हणजे डिस्क नुसती जोडायला, यूयूआयडी. झेडएफएस पूल (अनेक डिस्क एकत्र बांधणारी फाइलसिस्टिम) असेल, डिस्क बदलाव्या लागत असतील, तर बाय-आयडीच घे.