जीटी२८६०आरएस टर्बो आणि चार दुकानांचे भाग: ऑक्टाव्हिया आरएसवर नऊ महिने

गाडी जुनी ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं वीस व्हॉल्व्हचं इंजिन, पाच गिअर, मूळची १५० हॉर्सपॉवर. कंपनीचा के०३ टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) खालच्या आरपीएमला छान ओढतो, पण साडेपाच हजारांच्या पुढे त्याचा दम संपतो. म्हणून त्याच्या जागी गॅरेटचा जीटी२८६०आरएस बसवला. त्याला आता नऊ महिने झाले.

आधी एक गोष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल (दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध) पाहता असं काम केलेली गाडी मी रस्त्यावर काढत नाही. ती ट्रेलरवर चढते, पुण्याहून कोइंबतूरला करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर जाते आणि ट्रेलरवरूनच परत येते. आतापर्यंत तीन फेऱ्या झाल्या. एरवी ओळखीच्या एका कारखान्याच्या आवारात चाचण्या घेतो.

टर्बोबद्दल माझी काही तक्रार नाही. बॉल बेअरिंगचा आहे, वेळेवर जागा होतो, आणि साडेसहा हजारांपर्यंत ओढ कमी होत नाही. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेले दांडे) मूळचेच आहेत म्हणून मी बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, ०.९ बारवरच ठेवला. टर्बोची ताकद त्याहून पुष्कळ जास्त आहे. मला लिहायचंय ते जोडांबद्दल. टर्बो एकाकडून, मॅनिफोल्ड (इंजिनातले गरम वायू टर्बोत नेणाऱ्या नळ्या) दुसऱ्याकडून, डाउनपाइप (टर्बोतून वायू बाहेर नेणारा पाइप) तिसऱ्याकडून आणि ऑइलच्या पाइपचा संच चौथ्याकडून घेतला. चौघांनीही "बसतं, बिनधास्त घ्या" असं सांगितलं. खोटं कोणीच बोललं नाही. पण उरलेले तीन भाग त्यांच्यापैकी एकानंही पाहिलेले नव्हते.

टर्बो मॅनिफोल्डला जोडला जातो तो टी२५ प्रकारच्या फ्लँजनं, म्हणजे चार स्टडच्या सपाट तोंडानं. चारही भोकं जुळली, तेव्हा मला वाटलं काम झालं. मग नवं पॅकिंग आधी मॅनिफोल्डवर ठेवलं आणि आतली कड मार्करनं आखली, नंतर तेच टर्बोवर ठेवून आखलं. एका बाजूला मॅनिफोल्डचं तोंड दोन मिलिमीटर आत येत होतं, म्हणजे गरम वायू थेट त्या पायरीवर आपटणार. ते घासून घेतलं. फ्लँजवर पट्टी आडवी धरली तर मधोमध ०.१५ मिलिमीटरचं फिलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) आरपार जात होतं, म्हणून भोसरीत सरफेस ग्राइंडिंग करून घेतलं. आणि जे कुठल्याच फोटोत दिसत नाही ते शेवटी कळलं: चारपैकी एका नटाला पाना लागतच नव्हता, कारण मॅनिफोल्डची नळी त्याच्या अगदी डोक्यावरून जात होती. एक १३ चा पाना घासून पातळ केला, तो आता या गाडीसाठीच राखून ठेवलाय.

ऑइलच्या जोडाबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवं. या टर्बोला ऑइल आत जातं त्या भोकाचे आटे ७/१६-२४ आहेत, म्हणजे ७/१६ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. माझ्या संचातल्या अडॅप्टरचं टोक एएन-४ या दुसऱ्या मापाचं होतं. त्याचा व्यासही ७/१६ इंचच, पण इंचाला आटे २०. व्हर्नियरनं व्यास मोजून हा फरक कळत नाही, डोळ्यांनाही दिसत नाही. हातानं फिरवल्यावर दीड-दोन फेरे आरामात गेला आणि मग घट्ट झाला. मी पाना हातात घेतलाच होता. शेजारी उभे असलेले लेथवाले मिस्त्री म्हणाले, "दादा, हातानं शेवटपर्यंत जात नसेल तर पाना लावू नका." त्यांनी खिशातलं पिच गेज (आट्यांमधलं अंतर ओळखायची दातेरी पाती) काढून दोन्हीकडे लावून दाखवलं. अडॅप्टरवर २४ चं पातं दातांवरून उचललं जात होतं, २० चं चपखल बसलं. मी जोर लावला असता तर टर्बोच्या मधल्या भागाचे आटे गेले असते, आणि तो भाग वेगळा घ्यायचा तर जवळजवळ टर्बोएवढाच खर्च येतो. एम११×१.० चा अडॅप्टर पण या भोकात थोडा शिरतो, तोही चुकीचाच. नऊ महिन्यांतला सगळ्यात मोठा खर्च वाचवला तो या पिच गेजनं.

त्याच जोडात दुसरी चूक लपलेली होती. बॉल बेअरिंगच्या टर्बोला ऑइल कमी लागतं, म्हणून आत जाताना साधारण एक मिलिमीटरच्या भोकाचा रिस्ट्रिक्टर लावतात. नवा, बरोबर आट्यांचा अडॅप्टर आला त्यात तो होता. पण संचातल्या पाइपच्या इंजिनकडच्या बँजो बोल्टमध्येही (ज्याच्या आतून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट) एक निघाला, म्हणजे एकामागोमाग एक दोन झाले. बोल्टमधून फुंकून पाहिलं म्हणून लक्षात आलं, नाहीतर टर्बो अर्धपोटी राहिला असता. दुसरा काढून टाकला.

ऑइल परत जाणाऱ्या नळीनं पहिल्याच फेरीत त्रास दिला. या इंजिनात टर्बो मागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) असतो आणि खाली ड्राइव्ह शाफ्ट. शाफ्टला नळी लागू नये म्हणून मी तिला वळसा दिला, आणि त्या वळशात खोलगट पोट तयार झालं. ऑइल तिथं साचायचं. गाडी उभी असताना सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. पिटमधल्या सगळ्यांनी सील गेल्याचं सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. सील शाबूत होतं. टर्बोचा मधला भाग थोडा फिरवून निचऱ्याचं तोंड सरळ खाली केलं (सरळ खालच्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत हवं), नळी आखूड केली, आणि धूर थांबला. पण मधला भाग फिरवला की त्याच्या मानानं कॉम्प्रेसरचं हाउसिंगही (हवा दाबणाऱ्या बाजूचं कवच) पुन्हा फिरवावं लागतं. ॲक्च्युएटरचा (वेस्टगेट, म्हणजे जादा वायू सोडून देणारं झाकण, रॉडनं उघडणारा डबा) ब्रॅकेट त्याच हाउसिंगवर असल्यामुळे रॉड वाकडा ओढायला लागला. एक जोड सुधारला की शेजारचे दोन पुन्हा तपासावे लागतात, हे तिथं अंगवळणी पडलं.

सगळ्यात छळलं ते डाउनपाइपनं. दुसऱ्या फेरीत लांब सरळ पट्ट्यावर बूस्ट ०.९ वर थांबायचाच नाही. सहा हजारांला काटा १.१५ च्या वर. मूळचे रॉड असलेल्या इंजिनात तो आकडा दिसला तेव्हा मी लगेच पाय काढला आणि दिवस तिथंच संपवला. घरी येऊन ॲक्च्युएटर बदलला, त्याचा प्रीलोड (सुरुवातीचा ताण) पुन्हा लावला, होज तपासले. तरी तेच.

शेवटी डाउनपाइप उतरवला. त्याच्या पाच बोल्टच्या फ्लँजच्या आतल्या कडेवर नखाएवढी चकचकीत चंद्रकोर उमटलेली होती. वेस्टगेटचं झाकण उघडताना बाहेर, डाउनपाइपच्या पोकळीत येतं, आणि इथं ते कडेला अडकत होतं. बोल्टची भोकं बरोबर, फ्लँज बरोबर, फक्त झाकणाला जागा नाही. खात्री करायला मुलीची खेळायची क्ले फ्लँजच्या आत लावली, डाउनपाइप पॅकिंगसकट हातानं आवळला आणि हातपंपानं ॲक्च्युएटरला हवा दिली. उतरवून पाहिलं तर क्लेमध्ये झाकणाची कड खोल रुतलेली. झाकण जेमतेम वीस अंश उघडत होतं. त्या बाजूनं सात मिलिमीटर घासलं, आतली वेल्डची गाठ काढली, पुन्हा क्ले लावून पाहिली. तिसऱ्या फेरीत काटा ०.९ वर आला आणि तिथंच राहिला. मी तो लॅप पूर्ण केला तेव्हा हात थरथरत होते, आनंदानं.

बाकी किरकोळ. सिलिकॉन होजला साधे क्लिप टिकत नाहीत, टी-बोल्टचे घ्या. प्रत्येक वेळी सगळं जोडून झाल्यावर एक बारची हवा भरून साबणाच्या पाण्यानं गळती बघा. मोठे इंजेक्टर आणि ट्यूनिंग हा वेगळा विषय आहे.

हा टर्बो घ्यावा का? या इंजिनाला, ट्रॅकसाठी, नक्की घ्या. पण चारही भाग टेबलावर एकत्र आल्याशिवाय जुना टर्बो उतरवू नका, आणि पॅकिंगशिवाय एकदा सगळं कोरडं जोडून प्रत्येक नटाला पाना लागतो का ते बघा. जमत असेल तर टर्बो, मॅनिफोल्ड आणि डाउनपाइप एकाच दुकानातून घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी.

तो नळीखालचा नट मात्र अजून माझ्या हाती लागलेला नाही. पातळ पान्यानं पूर्ण ताकद लावता येत नाही, आणि दर फेरीनंतर तो पाव फेरा सैल झालेला सापडतो. आता तिथं आखूड स्टड आणि तांब्याचा लॉकनट लावतोय. दिवाळीनंतर चौथी फेरी आहे.