अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं डोकं: माप गावात घ्यावं की जळगावला?

माझी लेक ३१ आठवड्यांची जन्मली. एसएनसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष काळजी विभागातून, घरी आणली तेव्हा आजेसासूबाई म्हणाल्या, “पोरगीनं डोकं केवढंसं शे!” तुमच्याही घरात असंच बाळ असेल आणि दर खेपेला चोपड्याहून जळगाव गाठायचं का, हा प्रश्न असेल, तर मी दोन्हीकडचं अनुभवलंय.

गावातला दवाखाना पायी जाण्याइतका जवळ. एसटीची गर्दी नाही, बाळाला कोणाचा खोकला लागायची भीती नाही, दर महिन्याला माप होतं. पण चौथ्या महिन्यात तिथे डोकं ३८ सेंमी भरलं, ते वाढीच्या तक्त्यावर जन्मतारखेप्रमाणे मांडलं आणि “मेंदूची वाढ कमी दिसते” असं सांगितलं. चार महिन्यांच्या मुलीची सरासरी सुमारे ४०.६ सेंमी. त्या रात्री आम्ही कोणी जेवलो नाही.

जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी आधी वजाबाकी केली. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे; त्यातून ३१ गेले, उरले ९ आठवडे. ते वयातून काढले की लेक दोन महिन्यांची, आणि त्या वयाची सरासरी ३८.३! माप तेच, अर्थ पार वेगळा. ही वजाबाकी दोन वर्षांची होईपर्यंत करायची. पोटातले धरून ४० आठवडे भरण्याआधी तर तक्ताच वेगळा लागतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा: फेंटनचा किंवा इंटरग्रोथचा. इंटरग्रोथच्या अभ्यासात आपलं नागपूरही एक केंद्र होतं.

म्हणून माझं मत असं: माप गावात चालेल, पण फाइलवर किती आठवड्यांची जन्मली ते मोठ्या अक्षरात लिहा आणि दर दोन-तीन महिन्यांनी आकडे तज्ज्ञांना दाखवा. कुंची काढूनच मोजा. न ताणणारी फीत भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून न्या. तीनदा मोजा, मोठा आकडा लिहा. शिंप्याची जुनी टेप नको, ती ताणली जाते.

डोकं लांबट दिसतं म्हणून राईची उशी घेऊ नका. कुशीवर झोपून झोपून या बाळांचं डोकं तसं होतं, त्याचा वाढीशी संबंध नाही.

एका बाबतीत मात्र गावात थांबूच नका. डोकं आठवड्याला सव्वा सेंमीहून जास्त वाढतंय, टाळू फुगलीय, बाळ सारखं उलट्या करतंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी निघा. मेंदूत पाणी साठत असू शकतं. टाळू उघडी आहे तोवर तिथूनच सोनोग्राफी करून ते बघता येतं.