शिक्का पाहून रहस्यकादंबरी निवडताना

आईची नजर अधू झाली तेव्हापासून रोज रात्री मी तिला रहस्यकादंबरी वाचून दाखवते, इंग्रजी असली तर तिथल्या तिथे मराठीत सांगत. पुस्तक चुकलं की दोन-तीन आठवडे फुकट जातात. म्हणून दोन वर्षं मी पुरस्कारांच्या याद्या पाहूनच पुस्तकं निवडतेय. याद्या कामाच्या आहेत, फक्त पुरस्कार कोण देतं ते आधी पाहा.

अमेरिकेतल्या रहस्यलेखकांच्या संघटनेचा ‘एडगर’ १९४६ पासून दिला जातो, एडगर ॲलन पोच्या नावाने. परीक्षक स्वतः लेखक. म्हणूनच की काय, आम्ही वाचलेल्या ‘एडगर’वाल्या कादंबऱ्या बांधणीला पक्क्या निघाल्या, पण दोन तर इतक्या काळ्याकुट्ट होत्या की आईने मध्येच थांबवलं.

तिला मानवला तो ‘अगाथा’. फार रक्तपात नसलेल्या, जुन्या वळणाच्या रहस्यकथांचा हा पुरस्कार ‘मॅलिस डोमेस्टिक’ या रहस्यकथाप्रेमींच्या संमेलनाला आलेल्यांच्या मतांवर ठरतो आणि विजेत्याला चक्क चहाची किटली मिळते! त्या यादीतल्या एका कादंबरीचं सातवं प्रकरण चालू असताना आई म्हणाली, “थांब गं. दार आतून बंद होतं ना? मग मांजर बाहेर कशी?” मी मागची पानं उलटली. मांजर खरंच अंगणात होती. त्या रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो.

ब्रिटनच्या ‘डॅगर’ पुरस्कारांमध्ये विभाग छान पाडलेत: थरारकथा वेगळ्या, पहिली कादंबरी वेगळी. एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. २००५ साली ‘गोल्ड डॅगर’ हा त्यातला सर्वोत्तम कादंबरीचा पुरस्कार आइसलँडच्या आर्नाल्डुर इंड्रिडासनच्या अनुवादित कादंबरीला मिळाला आणि पुढच्याच वर्षी अनुवादांना वेगळ्या विभागात बसवलं. चांगली कादंबरी मूळ कुठल्या भाषेतली, याने काय फरक पडतो?

आणि मुखपृष्ठावरच्या सोनेरी शिक्क्यावर विसंबू नका. एकदा तो पाहून पुस्तक घेतलं, दहा रात्री रेटलं, मग मलपृष्ठावरची बारीक ओळ दिसली: पुरस्कार त्याच लेखकाच्या आधीच्या पुस्तकाला होता. प्रकाशकाचा भयंकर राग आला. आता वर्ष आणि पुस्तकाचं नाव संस्थेच्या यादीत जुळवल्याशिवाय घेत नाही.

सगळ्यांत जास्त हाताला लागलं ते पहिल्या कादंबरीच्या विभागात, तेही अंतिम यादीत राहून हुकलेल्यांत. सध्या तसंच एक चालू आहे. आईचा संशय डॉक्टरवर आहे.