अंबडच्या कारखान्यात टॅलीला जोडलेलं एन-एट-एन: दसऱ्यापासून आजवरचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा प्रेस पार्टचा (पत्रा दाबून केलेल्या सुट्या भागांचा) कारखाना आहे. माल मुख्यतः चाकणला जातो, थोडा सिन्नरला. गेल्या दसऱ्यापासून गेटवरचा डिस्पॅच, टॅली आणि ग्राहकाला जाणारा व्हॉट्सअॅप मेसेज हे तिन्ही आम्ही एन-एट-एन (n8n, वेगवेगळी सॉफ्टवेअर जोडून कामं आपोआप करून घेणारं साधन) वापरून जोडले आहेत. सातपूर-अंबडमधले ओळखीचे कारखानदार सारखे विचारतात, ‘टॅलीला, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, बाहेरून काही जोडता येतं का?’ म्हणून सविस्तर लिहितेय.

जोडता येतं आणि छान चालतं. पण मधेच काही अडलं तर पुढे काय, हे ज्याने आधी ठरवलं त्याचंच चालतं.

पूर्वी एकच चलन तीनदा उतरायचं: गेटवर वहीत, मग टॅलीत, आणि संध्याकाळी ग्राहकाच्या स्टोअरला फोनवर. आता टेम्पो भरला की डिस्पॅचचा मुलगा मोबाइलवर गूगल फॉर्म भरतो. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, नग, गाडी नंबर, बस. फॉर्मची माहिती गूगल शीटमध्ये उतरते; एन-एट-एन दर मिनिटाला ती शीट बघतं, नवी ओळ दिसली की तिचं एक्सएमएल (टॅलीला वाचता येईल असा ठरावीक मजकूर) करून टॅलीकडे पाठवतं. टॅलीप्राइम सर्व्हर म्हणून चालू ठेवली की 9000 या पोर्टवर (नेटवर्कवरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) ती अशी विनंती घेते. मात्र टॅली उघडी हवी आणि आपली कंपनी लोड केलेली हवी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॅलीने व्हाउचर (व्यवहाराची नोंद) नाकारलं तरी एचटीटीपीचं उत्तर 200, म्हणजे ‘विनंती पोचली, सगळं ठीक’, असंच येतं, नकाराचं कारण आतल्या ‘लाइन एरर’मध्ये असतं. त्यामुळे एन-एट-एनमधला वर्कफ्लो (पायऱ्यांची साखळी) हिरवागार दिसतो आणि व्हाउचर झालेलंच नसतं. उत्तरातला ‘क्रिएटेड’चा आकडा 1 आहे का, हे तपासणारी पायरी घातल्याशिवाय पुढे जाऊच नका. आमच्याकडे तो 1 नसला की अकाउंटंट काकांना लगेच मेसेज जातो, टॅलीने दिलेल्या कारणासकट. बहुतेक वेळा लेजरचं (टॅलीतल्या ग्राहकाच्या खात्याचं) नाव जुळत नसतं: एकीकडे ‘प्रा. लि.’, दुसरीकडे ‘प्रायव्हेट लिमिटेड’. नावात ‘&’ असेल तर आणखी पंचाईत, कारण एक्सएमएलमध्ये ते चिन्ह तसंच गेलं की सगळी विनंतीच मोडते. म्हणून फॉर्मवर नाव टाइप करायची सोयच ठेवली नाही. टॅलीतून काढलेल्या यादीतून निवडायचं.

दुसरी काळजी विजेची. व्हाउचर झालं, पण उत्तर यायच्या आत वीज गेली, तर एन-एट-एनच्या लेखी काम अर्धवटच राहतं. पुन्हा पाठवलं की एकाच मालाची दोन बिलं. त्यामुळे पाठवण्याआधी ‘या नंबरचं व्हाउचर आहे का’ हे टॅलीलाच विचारतो. या एका पायरीने काकांचा विश्वास बसला. आधी ते रोज वहीशी ताळा घालायचे, आता आठवड्यातून एकदा घालतात.

ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या पोर्टलवर नोंदवायचं बिल) मात्र मुद्दाम माणसाच्या हातात ठेवलंय. 5 कोटींवरच्या उलाढालीला ते ऑगस्ट 2023 पासून सक्तीचं आहे, आणि एकदा आयआरएन (पोर्टलने बिलाला दिलेला नोंदणी क्रमांक) निघाला की पोर्टलवर तो 24 तासांतच रद्द करता येतो. नंतर क्रेडिट नोटचं लचांड. काका बिल डोळ्यांखालून घालतात, मगच टॅलीतून आयआरएन काढतात. ही दोन मिनिटं मला कधीच वाचवायची नाहीत.

अशाच कामाची झेपियर ही ऑनलाइन सेवाही पाहिली होती. हाताळायला सोपी आहे, पण त्यात बहुतेक यशस्वी पायऱ्या टास्क म्हणून मोजल्या जातात आणि पैसे टास्कच्या हिशेबाने लागतात, आणि आमच्या एका चलनाला बऱ्याच पायऱ्या लागतात. एन-एट-एन स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या धंद्यासाठी फुकट चालवता येतं. आम्ही ते ऑफिसातल्याच एका जुन्या पीसीवर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवण्याच्या सोयीत) टाकलं. टॅलीचा 9000 पोर्ट इंटरनेटला उघडा करायचा नव्हता, कारण त्या दारावर पासवर्ड नसतो.

बसवणाऱ्यांनी तीन गोष्टी पहिल्याच दिवशी उरकाव्यात. मूळ सेटिंगमध्ये वेळ न्यू यॉर्कची असते, ती एशिया/कोलकाता करा. एन-एट-एनला शीट वाचू देण्यासाठी गूगलवर नोंदवलेलं अॅप ‘टेस्टिंग’मध्ये राहिलं तर परवानगी सात दिवसांत संपते, ते ‘प्रॉडक्शन’मध्ये न्या. आणि एन्क्रिप्शन कीची (एन-एट-एन साठवलेले पासवर्ड ज्याने कुलूपबंद करतं त्या किल्लीची) प्रत मशीनबाहेर ठेवा, नाहीतर डिस्क गेल्यावर बॅकअपमधले पासवर्ड उघडणार नाहीत.

व्हॉट्सअॅपचं थोडक्यात: आपण होऊन पाठवायचा मेसेज व्हॉट्सअॅपने आधी मंजूर केलेल्या टेम्प्लेटमध्येच (ठरावीक साच्यात) बसवावा लागतो. गाडी नंबर आणि नग एवढं त्यात सहज मावतं, आणि चाकणच्या स्टोअरचा ‘गाडी निघाली का?’ हा फोन बंद झालाय.

गाडी कुठवर पोचली हेही आपोआप कळावं म्हणून एका ट्रान्सपोर्टरची एपीआय (त्यांच्या सॉफ्टवेअरमधून माहिती घेण्याची सोय) जोडली होती. त्यांनी न कळवता फील्डची नावं बदलली आणि मेसेजमध्ये वेळेची जागा रिकामी जायला लागली. विचारलं तर दाद नाही. तो भाग काढून टाकला. ज्यांच्याकडे एपीआयचं लेखी डॉक्युमेंटेशन आहे आणि बदल आधी कळवायची पद्धत आहे, त्यांच्याशीच यापुढे जोडणी करणार. खरेदीच्या बिलांसाठी पत्रा पुरवणाऱ्यांशी बोलणं चालू आहे, त्यांना पहिला प्रश्न हाच विचारलाय.