टोक मोडलेली संगीन

नेपोलियनच्या काळातले धातूचे छोटे शिपाई विकत घेऊन रंगवण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांनी विक्रीच्या एखाद्या जाहिरातीत गुडघा टेकून बसलेला, हिरव्या जाकिटातला आणि संगिनीचे टोक मोडलेला शिपाई पाहिला, तर पैसे पाठवण्यापूर्वी पुढचा मजकूर वाचावा. याच छायाचित्राच्या भरवशावर गेल्या वर्षी माझे १८० पौंड, म्हणजे सुमारे २०,००० रुपये गेले. मागच्या महिन्यात तेच छायाचित्र दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने पुन्हा झळकलेले दिसले, म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

लाज वाटण्याचे कारण असे, की मी कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत २८ वर्षे पॅटर्नमेकर, म्हणजे ज्यावरून साचा पाडतात तो लाकडी नमुना घडवणारा कारागीर होतो. साचा, ओतकाम आणि धातूचे आकसणे यांवरच माझे पोट भरले, आणि नेमक्या त्याच विषयात मला एका परक्या माणसाने बनवले.

मी निवृत्त झाल्यावर इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणाऱ्या भाच्याने मला काही इंग्रजी ऐतिहासिक कादंबऱ्या आणून दिल्या. साध्या शिपायाचा अधिकारी झालेला एक इंग्रज त्यांचा नायक आहे, आणि त्यातली एक कादंबरी २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या असईला झालेल्या लढाईवर आहे. ती वाचून मी जालना जिल्ह्यातले असई गाव पाहून आलो. केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उभे राहिल्यावर शिंद्यांच्या तोफांसमोर चालत जाणे म्हणजे काय असेल, याचा थोडा अंदाज येतो. मात्र मला वेड लावले ते नायकाच्या पुढच्या आयुष्यातल्या पलटणीने, म्हणजे ९५व्या रायफल पलटणीने. ही पलटण असईला नव्हती. तिचे नाव गाजले ते स्पेन आणि पोर्तुगालच्या युद्धात. बाकीचे बहुतेक ब्रिटिश पायदळ लाल डगल्यात ओळीने उभे राहत असताना हे लोक गडद हिरव्या जाकिटात, झाडाझुडपांचा आडोसा घेत, नळीला आतून सात आटे असलेल्या बेकर रायफलीने नेम धरून गोळी घालत. काळी कॉलर आणि काळे कफ, त्यांच्या कडेला पांढरी बारीक किनार, काळे चामडी पट्टे, छातीवर पांढऱ्या धातूच्या गुंड्यांच्या तीन रांगा आणि रायफलीच्या दस्त्यात पितळी झाकणाची छोटी पेटी, एवढा सगळा ऐवज २८ मिलिमीटर उंचीच्या मूर्तीवर शून्य नंबरच्या ब्रशने उतरवायचा असतो. ज्याने आयुष्यभर लाकडी पॅटर्नवर कानस चालवली, त्याला याची गोडी लागली नसती तरच नवल.

या पलटणीच्या मूर्ती आज प्लास्टिकच्या हव्या तेवढ्या मिळतात. मला मात्र एका जुन्या मूर्तिकाराच्या, आता ओतणे बंद झालेल्या धातूच्या मालिकेतल्या हव्या होत्या. अशा मालिका जुन्या संग्राहकांकडूनच घ्याव्या लागतात, आणि फसवणाऱ्याला शिरायला फट मिळते ती इथेच.

विक्रेता इंग्लंडमधला होता आणि त्याने घाई अजिबात केली नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘आजच पैसे भरा’ असा तगादा लावणारा माणूसच लबाड असतो अशी आपली समजूत असते. त्याने आधी सहाच मूर्ती विकल्या. त्या अस्सल होत्या आणि उत्तम होत्या. प्रत्येकीच्या तळाला मूर्तिकाराची आद्याक्षरे आणि वर्ष कोरलेले होते. त्यानंतर महिनाभर तो मला पत्रे लिहीत राहिला. हिरव्या रंगात थोडा काळा मिसळावा की निळा, पट्ट्यांना चमक द्यावी की नको, स्पेनमधल्या बादाहोस शहराच्या तटावर चढणारी तुकडी मांडायची तर चिखल कसा दाखवावा, अशा गप्पा झाल्या. त्याचे ज्ञान खोटे नव्हते. मग एके दिवशी त्याने कळवले, की घर बदलत असल्यामुळे याच मालिकेतल्या उरलेल्या ३६ मूर्ती काढायच्या आहेत आणि त्या माझ्यासारख्या दर्दी माणसाकडे जाव्यात अशी त्याची इच्छा आहे. दर्दी हा शब्द त्याचा नाही, माझ्या मनाने लावलेला आहे. पण भावार्थ तोच होता आणि मी त्यावर विरघळलो.

छायाचित्रे दहा होती. त्या दहांत मिळून वेगवेगळ्या मूर्ती केवळ चार होत्या, हे मला पैसे गेल्यानंतर कळले. त्याच चार मूर्ती फिरवून, कधी पाठमोऱ्या तर कधी तिरप्या, गर्दीत पुढे-मागे ठेवून टिपल्या होत्या, आणि मागच्या रांगा मुद्दाम धूसर ठेवल्या होत्या. गुडघा टेकलेल्या शिपायाची संगीन टोकाशी मोडलेली होती आणि ती मोड तीन छायाचित्रांत दिसत होती. मी ती पाहिलीही होती. तीन शिपायांच्या संगिनी एकाच जागी कशा मोडतील, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. ‘वाहतुकीत असे होते, बसवू नवीन टोक’ एवढेच मी मनाशी म्हणालो. तळाची छायाचित्रे मागण्याचा विचार आला होता, परंतु विक्रेत्याने जाहिरातीतच लिहून ठेवले होते की चुंबकाच्या पट्ट्या चिकटवण्यासाठी त्याने सगळे तळ घासून सपाट केले आहेत. शंका येण्याआधीच तिचे उत्तर हजर होते.

पैसे भाच्याने पाठवायचे ठरले. विक्रेत्याने कळवले, की खरेदीचे म्हणून पाठवले तर कमिशन कापले जाते, त्यापेक्षा मित्राला किंवा नातेवाइकाला पाठवतो त्या प्रकारात पाठवा, म्हणजे दोघांचेही सात-आठ पौंड वाचतील. भाचा म्हणाला, ‘‘मामा, या प्रकारात पाठवलेले पैसे नंतर परत मागता येत नाहीत हं. कमिशन मी भरतो, पण आपण खरेदी म्हणूनच पाठवू.’’ मी त्याला म्हटले, ‘‘अरे, महिनाभर बोलतोय मी त्या माणसाशी. असं केलं तर त्याला काय वाटेल?’’ त्याला काय वाटेल याच्या काळजीपोटी मी स्वतःचे संरक्षण काढून टाकले. खरेदीदाराला मिळणारी हमी ही वस्तूच्या खरेदीला असते, आणि मित्राला दिलेल्या पैशांना ती नसते; हा फरक विक्रेत्याला पुरेपूर ठाऊक होता आणि भाच्यालाही होता. नव्हता तो माझ्या लेखी.

पार्सल भाच्याकडे वेळेवर पोहोचले आणि दिवाळीत त्याच्या सामानातून कोल्हापूरला आले. डबा हातात घेतल्यावर तो अपेक्षेपेक्षा जड लागला, आणि जुना धातू असा भरीवच असायचा, असे म्हणून मी खूश झालो. नक्षी थोडी बोथट वाटली, त्यावर साचा जुना झाला असेल असा मीच विक्रेत्याच्या वतीने खुलासा केला. ज्या माणसाने झिजलेल्या पॅटर्नवरून वर्षानुवर्षे कामगारांना बोल लावले, त्याने हे करावे!

पहिल्या बारा मूर्तींना काळा प्रायमर मारला, जाकिटे हिरवी केली, आणि गुंड्यांची वेळ आली. गुंडी रंगवताना ब्रशच्या टोकावर रंगाचा जेमतेम कण घ्यायचा आणि उंचवट्याला नुसता स्पर्श करायचा असतो. उंचवटा रंग स्वतःच ओढून घेतो. आधी घेतलेल्या सहा अस्सल मूर्तींवर हे काम मी डोळे मिटूनही केले असते. इथे डाव्या रांगेतल्या गुंड्यांनी कसाबसा रंग धरला, मधल्या रांगेत मात्र ब्रश घसरून रंग पसरला, कारण तिथे गुंड्या नव्हत्याच, एक अस्पष्ट लांबट फुगवटा होता. भिंग लावून पाहिले, तर दस्त्यातल्या पितळी पेटीची कडा नाहीशी झालेली, हात आणि छाती यांच्यामधली पोकळी धातूने भरून गेलेली, आणि काखेत बुडबुड्यांचे बारीक गोळे. मग मात्र मिलिमीटरचे दशांशही मोजणारे व्हर्निअर कपाटातून काढले.

पायाच्या तळव्यापासून डोळ्यापर्यंत अस्सल मूर्ती २८.१ मिलिमीटर भरली आणि नवी, त्याच पवित्र्यातली, २७.५. ज्यांनी ओतकाम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: वितळलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून ओतीव लोखंडाचा पॅटर्न आम्ही मीटरमागे साधारण १० मिलिमीटर मोठा करतो आणि त्यासाठी आमची फूटपट्टीच वेगळी असते. मूळ मूर्तिकारही आकसण्याचा हिशेब धरूनच घडवतो. परंतु कोणी तयार मूर्ती घेऊन तिच्यावरूनच रबराचा साचा पाडला आणि त्यात पुन्हा ओतले, तर रबर आणि धातू या दोहोंच्या आकसण्याची भरपाई कुठेच होत नाही, आणि नक्कल मूळापेक्षा लहान निघते. नकलेची नक्कल आणखी लहान. सहा दशांश मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, पण व्हर्निअर त्या माणसाशी गप्पा मारलेला नव्हता.

जडपणाचा उलगडा गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात झाला. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर सहा अस्सल मूर्ती आधी हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलल्या. हवेत ८४ ग्रॅम, पाण्यात ११.२ ग्रॅमची घट. म्हणजे पाण्याच्या साडेसात पट घनता, कथिलप्रधान मिश्रधातूला शोभेल अशी. नकली सहा हवेत १०५ ग्रॅम भरल्या आणि घट १०.५ ग्रॅमच, म्हणजे दहा पट. कथिलाची घनता साडेसातच्याही आत आणि शिशाची अकराच्या वर असते, तेव्हा या मूर्तींत बहुतांश भंगारातले शिसे होते. तळ कागदावर घासला तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली. सराफ हसला, मला हसू आले नाही, कारण माझा सहा वर्षांचा नातू आठवडाभर याच मूर्तींशी जेवणाच्या टेबलावर खेळत होता. सौभाग्यवतींनी त्याच दिवशी टेबल दोनदा पुसले आणि माझा सगळा पसारा गच्चीवरच्या खोलीत हलवला. नातवाच्या रक्ताची तपासणी केली, ती ठीक आली. पैसे गेल्याची रुखरुख त्या दोन दिवसांत कुठल्या कुठे पळाली होती.

विक्रेत्याने पहिल्या पत्राला सभ्य उत्तर दिले: जुन्या साच्यातून असेच येते. मोजमापे पाठवल्यावर त्याचे म्हणणे पडले की भारतातल्या उष्णतेने मूर्तींवर परिणाम झाला असेल. शिसेसुद्धा ३२७ अंशांना वितळते आणि कोल्हापूरचा उन्हाळा अजून तिथवर पोहोचलेला नाही, असे मी कळवले. त्यानंतर त्याचे खाते मला दिसेनासे झाले. भाच्याने तिथल्या पोलिसांच्या फसवणूक विभागाकडे तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मिळाला, पुढे काही झाले नाही. आपल्याकडचा विक्रेता असता आणि पैसे यूपीआयने गेले असते, तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवण्याचा मार्ग होता, मात्र तिथेही काही महिने उलटून गेल्यावर फारसे हाती लागत नाही.

आता मी जुनी मूर्ती घेताना विक्रेत्याकडे आधी संपूर्ण गठ्ठ्याचे वजन मागतो. माझ्या ३६ मूर्ती ५०४ ग्रॅमच्या आसपास हव्या होत्या आणि निघाल्या ६३० ग्रॅम, म्हणजे हा एक प्रश्न पुरेसा ठरला असता. सगळ्या मूर्ती ओळीने मांडून, शेजारी त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि मोजपट्टी ठेवून काढलेले छायाचित्र मागतो. खऱ्या संग्राहकाला याचा राग येत नाही. एकाने तर न मागता तळांचेही पाठवले. पैसे खरेदी म्हणूनच जातात, कमिशन माझे. आणि पहिला सौदा चोख झाला म्हणून दुसऱ्या सौद्यातली एकही तपासणी सोडत नाही, कारण माझ्या बाबतीत त्या सहा अस्सल मूर्ती म्हणजे गळाला लावलेले आमिष होते.

नकली छत्तीस अजून माझ्याकडे आहेत. भाचा म्हणतो फेकून द्या, पण शिसे कचऱ्यात टाकवत नाही आणि घरात वितळवण्याचा मूर्खपणा मी करणार नाही. प्रत्येकीच्या तळाला कानशीने खोल फुली मारली आहे, आणि त्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, नातवाचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवल्या आहेत. डब्यावर ‘नक्कल, शिसे, विकू नये’ असे लिहून मुलालाही दाखवून ठेवले आहे, कारण माझ्या मागे हा पसारा आवरायला तोच बसेल, आणि त्याला यातले काही कळत नाही.